पूर्णाकाठची भुरी म्हैस : जनावराच्या रंगाची निवड आणि वऱ्हाडचा इतिहास

पाळीव जनावरांच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम दुधाकडे, वजनाकडे व कामाच्या ताकदीकडे जाते. रंग हा विषय हौसेचा समजून बहुधा बाजूला ठेवण्यात येतो. वस्तुतः मनुष्याने जनावरात जे फेरफार घडवून आणले त्यांतील सर्वांत आधी डोळ्यांत भरणारा फेरफार रंगाचाच होय. रानात जो रंग जनावराला शत्रूच्या हाती देईल तोच रंग गोठ्यात निर्धोकपणे वाढू शकतो. आणि कोणाच्या तरी मनास आला की पिढ्यान्‌पिढ्या राखलाही जातो. अशा राखलेल्या रंगाचे एक उदाहरण बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे. पूर्णा नदीच्या थडीवरील गावांतून पाळली जाणारी पांढुरक्या ते फिकट तपकिरी वर्णाची म्हैस ‘पूर्णाथडी’ या नावाने ओळखली जाते. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२२ सालच्या नोंदणीत तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली व जानेवारी २०२३ मध्ये त्या नोंदणीची प्रमाणपत्रे देण्यात आली. अकोला, अमरावती व बुलढाणा हा तिचा मुख्य प्रदेश. तिच्या वर्णनात सर्वांत ठळक लक्षण आहे ते रंगाचे.

काळेपणा हीच ज्या प्राण्याची लोकव्यवहारातील ओळख, जो यमाचे वाहन म्हणून चित्रांत काळाच रंगविला जातो, त्या प्राण्यात एका नदीच्या काठी फिकट रंग कसा टिकला, हा प्रश्न पशुशास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे. कारण रंग आपोआप उद्भवतो, पण आपोआप टिकत नाही.

प्रथम प्रदेशाविषयी. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नावाच्या दोन नद्यांचा संबंध येतो आणि त्यामुळे बाहेरच्या अभ्यासकाचा पुष्कळदा घोटाळा होतो. दक्षिणेस देऊळगाव राजाच्या बाजूने जाणारी खडकपूर्णा गोदावरीच्या खोऱ्यातील. प्रस्तुत विषयातील पूर्णा ती नव्हे. ही पूर्णा बैतूल जिल्ह्यातील सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेस वाहते आणि चांगदेवापाशी तापीस मिळते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा व मलकापूर हे तालुके तिच्या खोऱ्यात येतात. वऱ्हाडच्या जुन्या विभागणीत हा सखल भाग म्हणजे पयानघाट. चिखली-मेहकरकडील पठार म्हणजे बालाघाट. पयानघाटची जमीन काळी व खोल. उन्हाळा कडक. आणि नदीच्या दोन्ही बाजूंस पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे. पाणी आहे, पण गोड नाही, अशा मुलखात नदीचा डोह हा माणसांना आणि म्हशींना सारखाच मोलाचा असतो.

रंगाच्या निवडीसंबंधीचा भारतातील एक महत्त्वाचा लेखी पुरावा ज्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचेही वर्णन आहे, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त मेहकर सरकारातील लोणार सरोवराचा उल्लेख आहे, आणि दुसऱ्या एका प्रकरणात अकबराच्या कबुतरखान्याची हकीकत आहे. तीत कबुतरांच्या रंगांची लांबलचक यादी येते: किशमिशी, हलवाई, संदली, शफकी. काही नावे मेव्यामिठाईवरून, काही सुगंधी लाकडांवरून, काही आकाशाच्या छटांवरून घेतलेली. बादशहाने निरनिराळ्या जातींचा संकर करून कबुतरे सुधारली व ही रीत पूर्वी कोणी आचरली नव्हती, असाही तेथे दावा आहे. दरबारी लेखकाच्या या दाव्याचा दुसरा भाग जशाच्या तसा स्वीकारण्याचे कारण नाही. परंतु पहिला भाग इतका बोलका आहे की, चार्ल्स डार्विनने १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात कबुतरांची चर्चा करताना अकबराचा व त्याच्या दरबाराबरोबर नेल्या जाणाऱ्या वीस हजार कबुतरांचा दाखला दिला.

डार्विनने निवडीचे दोन प्रकार केले. एक पद्धतशीर निवड: मनात नमुना ठरवून तो गाठण्यासाठी जोड्या जुळविणे. दुसरी अजाण निवड: नवी जात निर्माण करण्याचा कोणताही हेतू न बाळगता, आपल्याला आवडते ते जनावर ठेवणे व नावडते ते विकणे. अकबराचा कबुतरखाना हे पहिल्या प्रकाराचे उदाहरण. पूर्णाकाठचा गवळी व कुणबी हे दुसऱ्याचे. इतिहासलेखकाच्या दृष्टीने अडचण अशी की, पद्धतशीर निवड आपली कागदपत्रे मागे ठेवते. अजाण निवड केवळ जनावर मागे ठेवते.

आणि काही वेळा शब्दही ठेवते. महाराष्ट्रातील गाई-बैलांच्या बाबतीत हे विशेष स्पष्ट दिसते. नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या डोंगराळ, अतिवृष्टीच्या भागातील डांगी जनावरांत पाळणारे लोक रंगावरून पारा, बहाळा, लाल बहाळा, काळा बहाळा, मणेरी, लाल असे भेद करतात. लातूर-उदगीरकडील देवणी जातीत वानेरा, बालंक्या व शेवेरा हे तीन प्रकार मानले जातात: वानेऱ्याचे अंग पांढरे पण तोंडाच्या बाजू काळ्या, बालंक्याच्या पांढऱ्या अंगाच्या खालच्या भागावर काळे ठिपके, शेवेऱ्याच्या सर्वांगावर वेडेवाकडे काळे डाग. ही नावे कोणत्याही सरकारी खात्याने घडविलेली नाहीत. खात्यांनी ती पाळणाऱ्यांच्या तोंडून उचलली. ज्या समाजाजवळ ठिपक्यांच्या ठेवणीसाठी स्वतंत्र शब्द आहे, त्या समाजाची नजर त्या ठेवणीकडे फार काळ लागलेली असली पाहिजे, असे अनुमान काढण्यास हरकत नाही. घोड्यांच्या बाबतीत तर हे शास्त्रच बनले होते. चारी पाय व कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा शुभ. अंगावरील भोवरे चुकीच्या जागी असले की ती खोड, आणि खोडीच्या घोड्याची किंमत पडे. पंजाबात हीच कल्पना म्हशीला लागू झालेली दिसते. नीली-रावी म्हशीच्या काळ्या अंगावर कपाळ, तोंड, पाय व शेपटीचा गोंडा पांढरा असला की तिला पंजकल्याण म्हणतात व तशी म्हैस पसंत करतात.

मुऱ्हा म्हशीच्या बाबतीत मात्र उलट घडले. हरियाणातील या जातीत निर्भेळ काळा रंग हा शुद्धतेचा निकष ठरला. चेहऱ्यावरील किंवा पायांवरील पांढरा डाग हे वैगुण्य मानले गेले. येथवर ही एका प्रदेशाची आवड होती. परंतु विसाव्या शतकात ही आवड सर्व देशाचे धोरण बनली. लॉर्ड लिन्‌लिथगोच्या अध्यक्षतेखालील शेतकी आयोगाने (१९२६–२८) पशुसुधारणेचा प्रश्न पुढे आणला. १९२९ साली शेतकी संशोधनाची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली. पुढे निवडक जातींच्या वंशनोंदवह्या उघडण्यात आल्या. पहिल्या पंचवार्षिक योजनेतील आधार-ग्राम योजनेपासून गावठी म्हशींना मुऱ्हा वळू देऊन पिढ्यांगणिक त्यांची प्रत चढविणे हा मार्ग रूढ झाला. दुधाच्या हिशेबाने त्यात चूक काढता येणार नाही. परंतु सरकारी कोष्टकांत ज्या जनावरांना नाव नव्हते ती सर्व ‘अवर्णित’ या एका रकान्यात जाऊन पडली. पूर्णाथडी म्हैस दीर्घकाळ एक तर या रकान्यात होती किंवा नागपुरी म्हशीचा एक पोटभेद म्हणून गणली जात होती. नागपुरी म्हैस मूलतः काळी, तलवारीसारख्या लांब शिंगांची. शिंगांच्या साम्याकडे पाहून वर्गीकरण करणाऱ्याने रंगातील भेद गौण मानला. पाळणाऱ्याने तो तसा मानला असता तर आज तो दिसलाच नसता.

आता मूळ प्रश्न. भुरा रंग का राखला गेला? सहज सुचणारे उत्तर उन्हाचे आहे. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फार थोड्या. अंगावर केस विरळ. काळी कातडी ऊन शोषून घेते. म्हणून ती डुंबण्यासाठी पाणी शोधते. ज्या मुलखात गोडे पाणी दुर्मिळ व वैशाखातील ऊन असह्य, तेथे फिकट अंगाची म्हैस अधिक सुखाने राहील, हा तर्क आकर्षक आहे. त्याला बाहेरचा एक आधारही देता येईल. यमुना-चंबळच्या दऱ्याखोऱ्यांतील भदावरी म्हैस तांबूस वर्णाची आहे, आणि तोही प्रदेश उष्ण व रुक्षच. तथापि हा तर्क जपून वापरावा लागतो. राजस्थानालगतच्या अतिउष्ण भागांत काळ्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत. केवळ उन्हानेच रंग ठरत असता तर विदर्भभर सर्वत्र भुऱ्याच म्हशी आढळल्या असत्या. ऊन फार तर भुऱ्या रंगाला आडकाठी करीत नसेल. त्याची निवड उन्हाने केली असे म्हणण्यास तेवढ्याने आधार मिळत नाही.

अधिक सबळ कारण वऱ्हाडच्या अर्थव्यवस्थेत शोधावे लागते. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) येथील कापसाला जो भाव आला त्याने पयानघाटचा चेहरा बदलला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या स्थानकांवरून जाणारा लोहमार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोचला. १८७० साली जलंबहून खामगावला फाटा निघाला. खामगाव कापसाची मोठी पेठ बनली. याचे पशुधनावर दोन परिणाम झाले आणि ते परस्परविरोधी होते. एकीकडे गायरान व पडीत जमीन कापसाखाली गेली. दुसरीकडे सरकीची व ढेपेची विपुलता झाली. म्हणजे चराई आटली, परंतु दावणीवरचा सकस खुराक वाढला. ज्वारीचा कडबा, कुटार व सरकी यांवर राहू शकणारी आणि तुपाचा पैसा देणारी म्हैस या व्यवस्थेत बरोबर बसली. बैल हा शेतीचा आणि प्रतिष्ठेचा प्राणी. उमरडा, खामगावी अशी नावे जुन्या इंग्रजी लेखनात वऱ्हाडी बैलांसंबंधीच येतात. म्हैस घरच्या बाईच्या हिशेबातील प्राणी. तिचे लक्षण सरकारी पुस्तकात न जाता घरात आणि बाजारात राहिले.

बाजारात रंगाचे काम ओळख पटविण्याचे असते. रुमालाखाली बोटे दाबून सौदा करणाऱ्या दलालाला, गावच्या कळपातून आपले जनावर वेगळे काढणाऱ्या गुराख्याला आणि चोरीस गेलेली म्हैस शोधणाऱ्या मालकाला काळ्या म्हशींच्या घोळक्यात भुरी म्हैस हाताशी लागते. कपाळावरचा चांद, पांढरा गोंडा, पायांचा खालचा पांढुरका भाग या सर्व खुणाच होत. त्यामुळे एखाद्या वंशाचा गुण एकदा लोकांच्या लक्षात आला की त्याची कीर्ती रंगाबरोबर फिरे. भुरी म्हैस तुपाला चांगली, कमी खुराकात निभावणारी, हा अनुभव काही घरांत आला. मग त्या घरची वगार मागताना शेजाऱ्याने रंग पाहूनच मागितली. येथे रंग हे गुणाचे कारण नव्हे, गुणाची पाटी आहे. परंतु पाटी पाहून निवड होऊ लागली की पाटीही गुणाइतकीच दृढ होते.

हे अनुमान आहे, पण ते तपासून पाहण्याचे एक साधन उपलब्ध आहे व त्याकडे विदर्भाच्या इतिहासलेखनाने पुरेसे लक्ष दिलेले नाही. १८७१ च्या गुरे-अतिक्रमण कायद्याने कोंडवाड्याच्या रखवालदारावर एक कर्तव्य लादले होते: आणलेल्या जनावरांची संख्या व वर्णन, दिवस व वेळ, धरून आणणाऱ्याचे नाव व माहीत असल्यास मालकाचे नाव नोंदवहीत लिहावे. कोंडवाडे वऱ्हाडातही गावोगावी होते. अशा नोंदवह्या जेथे शिल्लक असतील तेथे म्हशीपुढे लिहिलेला ‘काळी’, ‘भुरी’, ‘चांदी’ हा एकेक शब्द मोलाचा आहे. दशकामागून दशक हे शब्द मोजले तर कोणत्या गावात भुऱ्या म्हशी किती होत्या व त्या केव्हा कमी झाल्या, हे काही अंशी कळू शकेल. विशेषतः १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांपूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून पाहावयास हव्यात. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वऱ्हाडची माणसांची संख्याच सुमारे २८.९७ लाखांवरून २७.५४ लाखांवर आली. गुरांची हानी याहून सौम्य असेल असे मानण्यास जागा नाही. मोठ्या मरतुकीनंतर जी थोडी जनावरे उरतात त्यांचा रंग पुढील कळपाचा रंग ठरवितो. एका भागात विशिष्ट वर्ण दाटून येण्यास कित्येकदा आवडीपेक्षा अशी आपत्तीच अधिक कारणीभूत होते.

रंगाला गुणाची पाटी न ठेवता रंग हाच गुण ठरविला तर काय होते, हे पाहण्यासाठी वऱ्हाडच्या बाहेर जावे लागते. इंडोनेशियातील ताना तोराजा भागात मृताच्या अंत्यविधीत म्हशी अर्पण करतात. तेथे काळ्यापांढऱ्या कबऱ्या म्हशीला साध्या म्हशीच्या अनेकपट किंमत येते. तिच्या कबरेपणास कारण होणारे जनुकीय बदल २०१५ साली शोधून काढण्यात आले. पांढऱ्या दलदली म्हशीचा वर्ण अगाउटी या जनुकातील बदलामुळे येतो, असे २०२१ साली दाखविण्यात आले. तिचा पांढरेपणा हा अल्बिनो प्राण्यातील वर्णहीनतेहून निराळा होय. तोराजात रंगाची किंमत निदान एका सामाजिक विधीशी बांधलेली आहे. अमेरिका व युरोपमधील अजगरांच्या बाजारात तेवढेही बंधन राहिलेले नाही.

घाना, टोगो व बेनिन या पश्चिम आफ्रिकी देशांतून निर्यात होणारा लहान अजगर, ज्याला व्यापारात बॉल पायथन म्हणतात, त्याचा अल्बिनो प्रकार १९९२ साली अमेरिकेत बंदिस्त अवस्थेत पैदा करण्यात आला. तेव्हापासून रंग व नक्षी यांची निरनिराळी जनुके जुळवून हजारो प्रकार काढण्यात आले. हा अजगर दूध देत नाही, ओझे वाहत नाही. त्याचा रंग हाच त्याचा माल. १९९९ च्या सुमारास ‘स्पायडर’ नावाचा बारीक जाळीदार नक्षीचा प्रकार पुढे आला व लोकप्रिय झाला. या सापांचे डोके डगमगते, तोल जातो, पाठीवर उलटल्यास सरळ होणे त्यांना अवघड जाते. नक्षी आणि व्याधी एकाच जनुकाशी निगडित आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या सापांच्या अंतर्कर्णाची रचना विकृत असल्याचे दिसून आले. ब्रिटनमधील एका सर्पप्रेमी संस्थेने २०१८ पासून आपल्या प्रदर्शनांत त्यांची विक्री बंद केली. परंतु ही गोष्ट घडण्यास जवळजवळ दोन दशके लागली, कारण डगमगणाऱ्या सापालाही गिऱ्हाईक होते. विदर्भाच्या रानांतील अजगराच्या वाट्याला हा प्रकार आलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पाळणे वा त्याची पैदास करून विकणे हा अपराध ठरतो. परदेशी जातींच्या बाबतीतही २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीची सक्ती आली आहे.

पूर्णाकाठच्या म्हशीची तुलना या अजगराशी करणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु अधिकृत नोंदणीने एक नवी परिस्थिती निर्माण केली आहे. आजवर रंग ही खूण होती. आता ती व्याख्या झाली. गर्द रंगाची, परंतु त्याच वंशातील व त्याच खुराकावर तितकेच दूध देणारी म्हैस व्याख्येबाहेर पडू शकते, आणि जिच्यात त्या वंशाचा एकही गुण उरलेला नाही अशी फिकट म्हैस आत येऊ शकते. ज्यांनी ही जात घडविली त्यांच्या घरात असा प्रसंग येत नसे. वगार विकत घेणारा तिच्या आईचे वेत विचारत असे, कास पाहत असे, रंग त्यानंतर. कागदावर मात्र हा क्रम सहज उलटतो, कारण वर्णनाचा तक्ता भरणाऱ्यास रंग लांबूनही दिसतो आणि वेत विचारावे लागते.

यांत हल्याचा, म्हणजे म्हशीच्या नराचा, प्रश्न सर्वांत नाजूक आहे व त्याची चर्चा सर्वांत कमी झाली आहे. भाताच्या मुलखात रेडा नांगराला व चिखलणीला उपयोगी पडतो, म्हणून तेथे नर सांभाळले जातात. काळ्या जमिनीच्या कापूस-ज्वारीच्या शेतीत काम बैलाचे. हल्याला दावणीवर जागा नाही. पारडू नर निघाले की त्याची आबाळ होते किंवा ते लवकरच बाजाराची वाट धरते. परिणामी एका गावाच्या, कधी दोन-तीन गावांच्या म्हशी एकाच हल्यावर फळत. गावातील शंभर म्हशींचा रंग बदलण्यास पुष्कळ पिढ्या लागतील. हल्या बदलला की पाच-सहा वर्षांत नव्या वगारी निराळ्या दिसू लागतात. भुरा रंग पूर्णाकाठी टिकला याचा अर्थ भुरा हल्या कोणीतरी, कोठेतरी, कामाविना पोसला. तो कोणी पोसला, गवळ्याने की पाटलाने की देवाच्या नावाने सोडून गावाने, याचे उत्तर गावागणिक निराळे मिळण्याचा संभव आहे, आणि ते वृद्ध माणसांच्या आठवणींतूनच मिळेल. कृत्रिम रेतनाचा प्रसार झाल्यापासून गावात हल्या ठेवण्याची गरजच उरली नाही. नळीतून येणारे रेत प्रायः मुऱ्हाचे आले, आणि मुऱ्हाच्या निवडीत काळेपणा शतकानुशतके मुरलेला असल्याने पिढी चढत गेली तसा काळा रंग पक्का होत गेला.

दरम्यान थडीचाही आकार बदलत आहे. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्पाचे काम कित्येक वर्षे चालले असून बुडीत क्षेत्रात नदीकाठची गावे येतात. पुनर्वसनाच्या कागदांत घर, शेत, विहीर व झाडे यांची मोजदाद होते. कोणत्या घरी भुऱ्या म्हशीचा किती पिढ्यांचा वंश आहे, याला त्या तक्त्यांत रकाना नाही. कोंडवाड्याच्या रखवालदाराने तो एक शब्द तरी लिहिला असता.